हॅलिफॅक्स, मागची खोली

गेल्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, जळगावात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, आमच्या समोरच्या घरातले दिनकर नाना पाटील कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरात राहायला गेले. त्यासाठी त्यांनी घर सोडलं नाही. ते मागच्या खोलीत गेले.

जाण्याआधी त्यांनी गल्लीला रीतसर कळवलं. "उद्यापासून मी तठे. रस्त्यातून हाक मारायची नाही. तठे कोणी हाक मारत नाही. फोनवर मेसेज टाका, मी वेळ कळवेन."

"तठे म्हणजे कुठे भो, नाना?" कोपऱ्यावरच्या चौधरींनी विचारलं.

नानांनी वळून आपल्याच घराकडे बोट दाखवलं.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. निम्मी नोकरी धुळ्याला, निम्मी जळगावला. बोलणं फायलीवरच्या शेऱ्यासारखं, शुद्ध आणि थोडक्यात. लहानपणची अहिराणी त्यांनी कचेरीच्या दारात सोडली, फक्त दोन शब्द सोबत ठेवले. आठे म्हणजे इथं, तठे म्हणजे तिथं. कशाचीही तुलना करायची झाली की ते हे दोन शब्द काढतात. "आठे हे असं आहे. तठे कसं आहे?" हे त्यांचं पालुपद. मी एका दैनिकात उपसंपादक आहे आणि समोर राहतो, त्यामुळे हे पालुपद बहुतेक वेळा माझ्यासमोर म्हटलं जातं.

प्रश्न साधा होता. त्यांची मुलगी वैशाली हॅलिफॅक्सला असते. सप्टेंबरमध्ये तिचं बाळंतपण होतं. आईबाबांनी बाळंतपणापुरतं नाही, राहायलाच यावं, असं तिचं म्हणणं होतं. एका दमात पाच वर्षं राहता येईल असा व्हिसा आईवडिलांना मिळतो. जळगावचं घर भाड्यानं द्यायचं आणि यायचं. उत्तर पावसाळ्याच्या आत हवं होतं. जावयांनी तिथल्या खर्चाचा तपशील पाठवला. घरभाडं, किराणा, विमा, बसचा पास, सगळं. नानांनी तो एकदा वाचला.

"हा खर्च झाला," ते म्हणाले. "यात राहणं कुठाय?"

रुपयात मोजायला नानांचा विरोध होता. वस्तू कितीला मिळते हे ते विचारत नसत, वस्तूबरोबर काय मिळतं हे विचारत. "आठे संतोषकडे केस कापायला बसलं की केस कापून होतात, मान मोडून मिळते, कोणाच्या मुलीचं कुठे जमलं ते कळतं आणि मध्येच चहा येतो. तठे फक्त केस. मग महाग काय, स्वस्त काय, सांगा तुम्ही."

नानांनी प्रयोग केला. संतोषच्या खुर्चीत बसून त्यांनी बजावलं, "आज तठेसारखी कर. बोलू नकोस." संतोषनं तोंड मिटून कात्री चालवली. डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर लांब राहिली. "बोलल्याशिवाय माझा हातच चालत नाही, नाना," तो नंतर म्हणाला. नानांनी यावरून निष्कर्ष काढला की तठेचे कारागीर जास्त चांगले असणार, कारण ते न बोलता दोन्ही बाजू सारख्या कापतात. हा गुण त्यांनी हॅलिफॅक्सला दिला. तुलनेत ते कोणाचीही बाजू घेत नसत.

हॅलिफॅक्स समुद्राकाठी आहे. तिथं पाऊस भुरभुरतो आणि धुकं असतं, हे वैशालीनं सांगितलेलं. ते सांगण्यावर सोडून देणं नानांना पटेना. चोपड्याजवळ त्यांच्या पुतण्याची केळीची बाग आहे. त्याच्याकडून त्यांनी पाठीवर अडकवायचा फवारणीचा पंप मागवला आणि एका संध्याकाळी मला गच्चीवर बोलावलं. पंप कोरा आहे ना, याची मी आधी खात्री करून घेतली.

"वरून नको," नाना म्हणाले. "बाजूनं मारा. तठे पाऊस बाजूनं येतो."

मी बाजूनं मारला. नाना छत्री उघडून गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिले. डोळे अर्धे मिटलेले. चष्म्यावर बारीक थेंब. उन्हं उतरली होती, सगळी गच्ची तांबूस झाली होती आणि फवाऱ्यातून त्यांचा आकार कधी दिसत होता, कधी विरत होता. खालून अक्कांचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, आवाज आला, "ओ भाऊ, तठे धुनं वाळत घालेल शे ना!" मी पंप बंद केला. नाना आणखी दोन फेऱ्या तसेच फिरले. पाऊस थांबल्याचं त्यांच्या लक्षात आलं नसावं.

धुकं महापालिकेनं पुरवलं. गल्लीत डेंग्यूचा रुग्ण सापडला म्हणून धूर सोडणारी गाडी आली. सगळ्यांनी दारं लावून घेतली, नानांनी उघडलं. पांढऱ्या धुरात ते चालत गेले आणि दिसेनासे झाले. विजेच्या तारा, नळाचा चौथरा, चौधरींची रिक्षा, सगळं पुसलं गेलं. त्या दोन मिनिटांत आमची गल्ली जगातली कुठलीही गल्ली असू शकली असती. मग गाडी पुढे गेली, तारा परत आल्या, आणि नाना खोकत चौथऱ्यापाशी उभे दिसले. "बंदराकाठी असंच असतं," ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चेहरा समाधानी होता.

थंडी राहिली होती. मे महिन्यात जळगावात ती एकाच ठिकाणी मिळते, केळी पिकवायच्या शीतगृहात. पुतण्याच्या ओळखीनं नाना भुसावळ रस्त्यावरच्या एका शीतगृहात गेले. दुपार झाली तरी परतले नाहीत म्हणून अक्कांनी मला पाठवलं. बाहेर डांबर मऊ पडलं होतं. आत जाड दार ढकललं तर तेरा-चौदा अंश. हिरव्यागार केळ्यांची क्रेट छतापर्यंत रचलेली, मोठे पंखे घुमत होते, आणि मधल्या वाटेत एका पालथ्या क्रेटवर नाना स्वेटर, मफलर, कानटोपी घालून डोळे मिटून बसले होते.

"नाना, बाहेर या ना," दाराशी उभा असलेला मुकादम म्हणत होता. "गॅस सोडायचा आहे. बसून राहिलात तर चार दिवसांत पिवळे व्हाल."

"पिकलोच आहे मी," नाना डोळे न उघडता म्हणाले.

मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी हळूच विचारलं, "कोणाचा आवाज येतोय का?" मी म्हटलं, पंख्यांचा. "माणसाचा?" मी म्हटलं, नाही. त्यांनी मान हलवली आणि उठले. नानांना थंडी सोसते, हे त्या दिवशी ठरलं. एवढंच नाही, ती त्यांना आवडली होती. परतताना रिक्षात ते मफलर सोडायला तयार नव्हते.

त्यानंतरच्या सोमवारी ते मागच्या खोलीत गेले.

खिडक्यांना जाड पडदे लावले, कूलर लावला, भिंतीवरच्या टीव्हीवर हॅलिफॅक्सच्या बंदराचं दिवसरात्र चालणारं थेट चित्र लावलं. बाहेर गल्ली पांढरीफटक जळत असायची आणि आत निळा अंधार, राखी पाणी, धुक्यात हळू सरकणारी एक बोट. नाना घड्याळही तिथलंच लावून राहिले. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्या साडेआठ तास मागे असते, त्यामुळे ते आपल्या सकाळी झोपत आणि उन्हं कलल्यावर उठत. चौधरींचं म्हणणं असं की जळगावच्या मे महिन्यात राहायची हीच खरी पद्धत आहे, फक्त तिला परदेश म्हणायची गरज नाही.

अक्कांनी खोली बदलायला साफ नकार दिला. "मी आठेच ऱ्हासू," त्या म्हणाल्या. मी इथंच राहणार. त्यामुळे एका घरात दोन देश झाले. अक्का सकाळी अंगणात सडा टाकून उभ्या राहत तेव्हा नानांची झोपायची वेळ झालेली असे. दोघं ओट्यावर बसून एक चहा घेत. अक्कांचा उठल्यावरचा, नानांचा झोपण्याआधीचा. मग एकाचा दिवस सुरू होई, एकाचा संपे. समोरून पाहताना ते गमतीचं वाटे. थोडा वेळ पाहत राहिलं तर तितकं गमतीचं वाटत नसे.

तिसऱ्या दिवशी नाना माझ्याकडे आले. अक्का देवळात गेल्या होत्या.

"उद्यापासून आठवडाभर गल्लीतल्या कोणी तिच्याशी बोलायचं नाही," ते म्हणाले. "नमस्कार चालेल. मान हलवलेली चालेल. त्यापुढे नको. तठे शेजारी एवढंच करतात."

"आणि तुमच्याशी?"

"माझ्याशी बोला, नका बोलू. मला फरक पडत नाही. तिच्याशी नको."

अक्कांबद्दल सांगायला हवं. त्या पिंपळनेरकडच्या. अहिराणी सोडून दुसरं काही बोलत नाहीत आणि बोलल्याशिवाय राहत नाहीत. त्यांचा ओटा रस्त्यावर आहे. जाणाऱ्या-येणाऱ्याला त्या थांबवत नाहीत, तो आपण होऊन थांबतो. भाजीवाली टोपली उतरवते, शाळेतून येणाऱ्या मास्तरीणबाई चप्पल काढून मांडी घालतात. आमच्या दैनिकाच्या शहर पानावरच्या दोन बातम्या मला त्या ओट्यावर मिळाल्या आहेत. दोन्ही खऱ्या निघाल्या.

गल्लीनं नानांचं ऐकलं. मोठ्या माणसाच्या विक्षिप्तपणाला आमच्याकडे मान असतो. चौधरी ओट्यासमोरून जाताना एक हात वर करून "हाय" म्हणाले आणि भरभर पुढे गेले. भाजीवालीला नेमकं काय म्हणायचं हे नीट कळलं नव्हतं, ती "सॉरी" म्हणाली. माझी पत्नी सुनंदा घरातूनच निघेना. अक्कांसमोरून न बोलता जाणं तिला जमणार नव्हतं, हे तिला माहीत होतं.

पहिल्या दिवशी अक्कांना वाटलं, गल्लीत कोणाचं काही बरंवाईट झालं आणि आपल्याला सांगत नाहीयेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओटा दोनदा झाडला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या रस्ता ओलांडून आमच्या दारात आल्या, आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"सुनंदा," त्या म्हणाल्या, "मन्हं काही चुकनं का वं?"

माझं काही चुकलं का? सुनंदानं त्यांचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं.

अक्का परत रस्ता ओलांडून गेल्या. हॅलिफॅक्समध्ये तेव्हा पहाट होती, नाना गाढ झोपेत होते. पुढचं सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"उठा! उठा, सकाळ व्हयनी तुम्हनी! बठ्ठा गावले सांगं, माले नही इचारं? मी काय केळीनं क्रेट शे का, कोठेबी नेई ठेवं ते पिकी जासू?"

सगळ्या गावाला सांगितलं, मला विचारलं नाही. मी काय केळ्यांचं क्रेट आहे, की कुठेही नेऊन ठेवलं तर पिकेन? नानांचं उत्तर कोणाला ऐकू आलं नाही. चौधरींनी रिक्षाच्या आरशातून आमच्या घराकडे पाहिलं आणि आरसा वळवून ठेवला.

संध्याकाळी नाना आमच्या ओट्यावर येऊन बसले. आल्यावर त्यांनी घड्याळ जळगावच्या वेळेवर आणलं. मी विचारलं, गल्लीला अक्कांशी बोलू नका म्हणून का सांगितलंत?

तेव्हा धुळ्याची गोष्ट निघाली. बदलीचा हुकूम आला तेव्हा वैशाली लहान होती. धुळ्यात पांझरेकाठी त्यांचं भाड्याचं घर होतं आणि सगळी आळी अहिराणी बोलणारी. जळगावला आले तर इथं पूर्वेकडची बोली. अक्का 'आहे'ला 'शे' म्हणतात म्हणून बायका हसल्या. वाईट हेतूनं नाही, सहज. अक्का गप्प झाल्या. नाना सकाळी कचेरीत जात, दिवेलागणीला येत. "कसं आहे?" विचारलं की अक्का "मजेत शे" म्हणत. ते त्यांना खरं वाटलं. पुढे उन्हाळा आला, पापड लाटायला हात कमी पडले, शेजारच्या बाईंनी अक्कांना हाक मारली, आणि त्या दिवशी नाना घरी आले तेव्हा बायकोचा आवाज त्यांना गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आला. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की तो आवाज त्यांनी चार महिन्यांत ऐकलेला नाही.

"धुळे-जळगाव नव्वद किलोमीटर," नाना म्हणाले. "नव्वद किलोमीटरला चार महिने लागले. हॅलिफॅक्स अंदाजे बारा हजार. त्रैराशिक मांडून बघा."

मी मांडलं नाही.

"चव्वेचाळीस वर्षं येतात," ते म्हणाले. "तेवढी आमच्याकडे नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला अक्कांनी निकाल दिला. तो त्यांनी ओट्यावरून, सगळ्यांना ऐकू जाईल असा दिला. "मी जासू. आधी एकलीच जासू. पोरले माय लागस. तुम्ही बसा तपासत." मी जाणार, आधी एकटीच, पोरीला आई लागते. व्हिसाचे कागद अक्कांचे तेवढे गेले.

ऑगस्टमध्ये त्या गेल्या. मुंबईच्या विमानतळावर नाना काचेच्या अलीकडे उभे होते. वाट विचारत फिरावं लागू नये म्हणून अक्कांना विमानतळाची माणसं चाकाच्या खुर्चीवरून नेत होती आणि शेजारच्या खुर्चीवर दोंडाईचाच्या, अहिराणीच बोलणाऱ्या एक बाई निघाल्या होत्या. दोघींचं तपासणीच्या रांगेतच सुरू झालं. नानांकडे हात करायला अक्का विसरल्या. हे नानांनी मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना ते हसत होते.

नाना का गेले नाहीत, याचं त्यांनी गल्लीला दिलेलं कारण पाण्याचं होतं. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, कोणीतरी भरायला हवं. मला त्यांनी दुसरं सांगितलं. घर भाड्यानं दिलं की तिला परतायला जागा उरत नाही. तिथं नाही करमलं तर तिनं फोनवर नुसतं "येते" म्हणावं, कारण सांगायची वेळ येऊ नये, आणि इथं दिवा लागलेला असावा. "तुम्ही म्हणाल कुलूप लावून जा," ते म्हणाले. "कुलूप लावलेल्या घरी कोणी परत येत नाही. उघडायला येतं."

मागच्या खोलीचे पडदे त्यांनी काढले. थेट चित्र बंद केलं. हॅलिफॅक्सला आता आपलं माणूस असल्यामुळे ते पाहवत नसावं.

एक गोष्ट त्यांनी तुलनेत धरली नव्हती. ओट्यावर येणारी माणसं अक्कांकडे येत होती. सप्टेंबरपर्यंत ती सवयीनं थांबत, "काय म्हणतात अक्का?" विचारत. नाना फायलीवरच्या शेऱ्यासारखं उत्तर देत, "क्षेमकुशल आहे. नात झाली." मग पुढे काय बोलावं हे दोन्ही बाजूंना सुचत नसे. हळूहळू थांबणं कमी झालं. भाजीवाली टोपली उतरवत नाही, भाव सांगून पुढे जाते. संतोष मला म्हणाला, "नाना आता आठवड्याला येतात. केस तर वाढलेलेच नसतात. खुर्चीत बसतात आणि म्हणतात, बोल."

ऑक्टोबरच्या अखेरीस नानांनी मला एक काम सांगितलं.

"ती मला खरं सांगणार नाही. विचारलं की मजेत शे म्हणते. धुळ्याहून आलो तेव्हाही हेच म्हणायची. तुम्ही पेपरातले. दोन ठिकाणांहून खातरजमा करून मला सांगा. ती गप्प असेल तर मी तिला परत बोलावतो. बोलत असेल तर... आधी कळू तर द्या."

मी वैशालीशी बोललो, मग अक्कांशी वेगळं बोललो. दोघींचं सांगणं एकमेकांशी जुळलं. घडलं ते असं.

पहिले दोन महिने अक्का खरोखरच गप्प होत्या. इमारतीत माणसं भेटत, मान हलवत, लिफ्टमध्ये शिरत. नानांनी सांगितलं होतं तसंच. वैशालीची मुलगी रडली की तेवढा आवाज. मग ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी वैशालीला भरीत खावंसं वाटलं. तिथली वांगी काळी आणि सालीनं जाड. अक्कांनी विजेच्या शेगडीवर जाळी ठेवून वांगं भाजायला घेतलं. आपल्याकडे शेतात काट्याकुट्यांवर भाजतात तेवढं ते काळं झालं पाहिजे, याबाबत त्यांची तडजोड नव्हती. धूर झाला. घरातलं धुराचं यंत्र ओरडू लागलं. धूर जावा म्हणून अक्कांनी घराचं दार उघडलं, म्हणजे तो बाहेरच्या व्हरांड्यात गेला. तिथलं यंत्र सगळ्या इमारतीचं असतं.

सगळे मजले रिकामे झाले. माणसं झोपायच्या कपड्यांत, कोणी कुत्रं घेऊन, रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. वैशाली लेकीला गुंडाळून उतरली. अक्का साडीवर जावयांचा कोट घालून, हातात चिमट्यानं वांगं धरून उतरल्या. ते खाली टाकलं असतं तर वाया गेलं असतं. आगीचा बंब आला. जवानानं विचारलं, कशाचा धूर? अक्कांनी वांगं पुढे केलं. त्यानं वास घेतला आणि टोपी मागे सारून पुन्हा घेतला. जीवितहानी झाली नाही. वांगंही खाण्याजोगं राहिलं.

"बठ्ठी गल्ली खाले उनी," अक्का मला फोनवर म्हणाल्या. सगळी गल्ली खाली आली. तोपर्यंत त्या इमारतीला त्यांनी गल्ली म्हटलं नव्हतं.

तळमजल्यावर मार्गारेट नावाच्या बाई एकट्या राहतात. सत्तरी उलटलेली, दोन्ही कानांना यंत्र. त्यांनी आपली घोंगडी अक्कांच्या खांद्यावर टाकली आणि आत जायची परवानगी मिळेपर्यंत दोघी एका घोंगडीत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी मार्गारेटबाईंनी दार ठोठावलं. भरीत मागायला. आता अक्का रोज सकाळी नातीला घेऊन खाली त्यांच्याकडे जातात. दोन-दोन तास.

हे सगळं मी नानांना त्यांच्या ओट्यावर बसून सांगितलं.

"भाषा?" त्यांनी विचारलं.

"दोघींना एकमेकींची येत नाही."

"मग बोलतात कशा?"

हा प्रश्न मी अक्कांना विचारला होता. त्यांचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं, "ती तिनं सांगस, मी मन्हं सांगस. समजाले काय लागस?" ती तिचं सांगते, मी माझं सांगते. समजायला काय लागतं?

नानांनी ओठ हलवत मनात काही हिशोब सुरू केला आणि अर्ध्यावर सोडून दिला. समोरून चौधरींची रिक्षा गेली. चौधरींनी हात केला.

"म्हणजे तिचं तिथं जमलं," नाना म्हणाले.

"जमलं."

"चांगलं झालं." मग त्यांनी विचारलं, "माझं काही निघतं का तिच्या बोलण्यात?"

हे मी विचारलं नव्हतं. तसं सांगितलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "त्याची काही गरज नाही."

त्यानंतरच्या रविवारी वैशालीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथं होतो. आपल्याकडे दिवे लागत होते, त्यांच्याकडे सकाळ होती. कॉल मार्गारेटबाईंच्या घरातून होता. आधी नात दिसली, मग अक्का. अक्कांनी मला विचारलं, सुनंदा कशी शे? नानांना विचारलं, पाणी उनं का? नाना म्हणाले, आलं. दोघांचं एवढंच झालं. त्यांचं नेहमी एवढंच होतं.

मग पडद्यावर पांढऱ्या केसांचा एक चेहरा अगदी जवळ आला. वैशाली मागून घाईघाईनं सांगू लागली, "बाबा, ह्या मार्गारेट. आई यांच्याशी रोज तुमचंच बोलते. अहो हे खात नाहीत, अहो शीतगृहात जाऊन बसले, अहो असे, अहो तसे. त्यांना बाकी काही कळत नाही, पण तुमचं नावच अहो आहे असं वाटतंय. रोज विचारतात, अहो कधी येणार. खिडकीजवळची एक खुर्ची मोकळी करून ठेवलीय त्यांनी."

नाना पडद्याकडे पाहत होते. मार्गारेटबाईंनी, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा वरच्या पट्टीत, अक्कांच्याच सुरात, शेवटचा हो लांबवून हाक मारली.

"अहोऽ!"

नाना उठून उभे राहिले.

"आलो," ते म्हणाले. "आलो, आलो."

खुर्चीला धक्का लागून तिच्यावर टेकवलेला फोन आडवा झाला आणि पडद्यावरच्या आमच्या छोट्या चौकटीत थोडा वेळ छत दिसत राहिलं. तो मी सरळ केला तेव्हा पलीकडे तिघीही हसत होत्या. नाना अजून उभेच होते.

व्हिसासाठी लागणारी वैद्यकीय तपासणी नानांनी त्याच आठवड्यात मुंबईला जाऊन करून घेतली. अहवाल यायचा आहे.